बांडा राघू

वेळुंबच्या ग्रामीण रुग्णालयात हणमंत शेडगेच्या पदाचं सरकारी नाव 'व्रणोपचारक' असं होतं. तीस वर्षांत एकाही पेशंटला ते धड उच्चारता आलं नव्हतं. सगळा तालुका त्याला ड्रेसर म्हणायचा. डॉक्टर यायचे, बदलून जायचे, ड्रेसर तोच. विळ्याची काप, कुत्र्याचा चावा, सायलेन्सरचा चटका, काही विचारू नका. हजारो जखमा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यातली एकही त्याला कंटाळवाणी वाटली नव्हती. लोक सिनेमा बघतात तसा हा बाबा जखम बघायचा.

त्याच्या दोन खोडी होत्या. एक, पट्टी सोडली की तो आधी तिचा वास घ्यायचा. वासावरून जखम चालली कुठं हे त्याला कळायचं, आणि नव्या डॉक्टरांना ते बघून मळमळायचं. दुसरी खोड म्हणजे प्लॅस्टिक. नव्या शर्टाच्या खोक्यावर पारदर्शक कागद असतो ना, तो कापून, औषधात बुडवून, जखमेवर ठेवायचा आणि मार्कर पेनानं जखमेची कड गिरवायची. दर आठवड्याला एक कागद. मग सगळे एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले की जखम आत सरकतेय की तिथंच ठाण मांडून बसलीय, हे आंधळ्यालाही दिसावं.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात चौदा महिने एक जखम भरत नव्हती.

जखम अक्काची होती. अनसूया, त्याची थोरली बहीण, वय एकाहत्तर. आई गेली तेव्हा हणमंत चार वर्षांचा होता आणि अक्काचं लग्न ठरलेलं. "आंदणात भांडी कमी आली आन् हा आला," असं ती अजून सांगायची. पुढं तिचा नवरा गेला, मग हणमंताची बायको गेली, आणि दोघं पुन्हा एका घरात आली. अक्काला साखरेचा आजार जुना. पायाची जाणीव कधीच गेलेली. चपलेतला एक खिळा तिच्या तळव्यात, अंगठ्याखाली, अख्खा दिवस रुतून बसला होता आणि बाईला पत्ता नव्हता. जखमेचं तोंड लिंबाच्या फोडीएवढं झालं आणि तिथंच थांबलं.

का थांबलं हे हणमंताला ठाऊक होतं. पेशंटना तो हे नेहमी समजावून सांगायचा, न विचारता. जखम झाली की रक्त गोठून आधी भोक बुजतं. मग जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. लोकांना वाटतं, सूज आली म्हणजे बिघडलं. "आरं, सूज म्हंजे कामगार आले कामावर!" रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर उतरतात. पहिली तुकडी जंतूंशी लढते आणि तिथंच मरते. पू म्हणजे बऱ्याच अंशी त्यांचीच मढी. मागून भक्षक पेशी येतात. या आडदांड. मेलेलं मांस, जंतू, कचरा, जे सापडेल ते गिळतात. आणि खरी गंमत पुढं आहे. साफसफाई उरकली की याच भक्षक पेशी स्वभाव पालटतात. मोडणाऱ्या होत्या त्या बांधणाऱ्या होतात. नव्या रक्तवाहिन्यांना, नव्या कातडीला हाका मारू लागतात. सूज ओसरते, जखम भरते.

जुन्या मधुमेहात हा पालटच होत नाही. कंत्राटदारानं रस्ता खोदून ठेवावा आणि डांबराचं नाव काढू नये, तशी गत. भक्षक पेशी महिनोन् महिने खोदतच राहतात. जखम मरत नाही आणि भरतही नाही.

जिल्ह्याच्या सर्जननं तारीख दिली होती. दिवाळीनंतर पाय गुडघ्याखालून काढायचा.

*

आणि दसऱ्याच्या आधी पेटी आली.

पेटी घेऊन आल्या डॉ. शाहीन मुलाणी. मूळच्या तासगावच्या, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. वय पस्तिशीचं, बोलणं भरभर, आणि चहा पिता पिता विसरायची सवय. फ्रिजएवढी निळी पेटी त्यांनी ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात बसवली. शुक्रवारी पेशंटचं रक्त काढायचं. त्यातल्या कोवळ्या, अजून कुठल्याच कामाला न लागलेल्या भक्षक पेशी वेगळ्या करून पेटीत चार दिवस वाढवायच्या आणि शिकवायच्या. काय शिकवायचं, तर खोदणं कधी थांबवायचं आणि बांधणं कधी सुरू करायचं. मंगळवारी त्या सलाइनमधून पुन्हा त्याच माणसाच्या अंगात सोडायच्या. जिथून दाहाची हाक येईल तिकडं त्या आपण होऊन जातात आणि तिथल्या जुन्या, हटवादी पेशींनाही जागा सोडायला लावतात.

"म्हणजे पाळणाघर," हणमंत म्हणाला.

मुलाणी मॅडम हसल्या आणि त्या दिवसापासून पेटीचं नाव पाळणाघर पडलं.

अक्काला एकूण सहा फेऱ्या मिळणार होत्या. अट एकच होती. फेऱ्या चालू असताना बाहेरचा लेप, काढा, टोचणी, काहीही करायचं नाही. तसं झालं तर पेशंट चाचणीतून बाद. अक्कानं सही केली, साक्षीदार म्हणून खाली हणमंतानं केली.

पहिल्या दोन फेऱ्यांत जे घडलं ते बघून हणमंताचा आपल्या नाकावर विश्वास बसेना. पट्टीचा वास बदलला. आंबूस कुबट वास जाऊन ओल्या मातीसारखा काहीतरी. जखमेच्या तळाशी लालबुंद दाणे धरले. खिडकीत कागद धरले तर लिंबाच्या फोडीची सुपारी झाली होती.

"अक्का, वाचला गं तुझा पाय!"

अक्का पायाकडं बघतच नव्हती. ती हाताकडं बघत होती.

"हणम्या, माझा राघू कुटं गेला?"

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटांवर, गोंदलेला राघू होता. हणमंतानं तो जन्मापासून बघितलेला. हिरवट काळा, चोच मोठी आणि शेपूट जवळजवळ नाहीच. बांडा राघू. आता तिथं पावडर पुसल्यासारखी फिकट सावली तेवढी उरली होती.

मुलाणी मॅडम चहा विसरून धावत आल्या. भिंग लावून हात बघितला आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला.

"शेडगे मामा, गोंदण टिकतं कसं, माहितीय? आपल्याला वाटतं कातडीला रंग लागला. तसं नाही. सुई टोचली म्हणजे जखम झाली. जखम झाली म्हणून भक्षक पेशी आल्या. त्यांनी काजळीचे कण गिळले, पण काजळी काही पचत नाही. म्हणून त्या पोटात काजळी घेऊन तिथंच बसल्या. एक पेशी मेली की काजळी सांडते, लगेच शेजारची गिळते. साठ वर्षं हेच चाललंय. आज्जींच्या हातावरचा राघू रंगाचा नाहीच मुळी. तो पहारा आहे, पाळीपाळीनं दिलेला."

"आन् मग आता?"

"आता आपल्या शिकवलेल्या पेशींनी पहारा उठवला. बसून राहायचं नाही, कचरा उचलायचा आणि चालू लागायचं, हेच तर शिकवलं त्यांना. राघू गेला याचा अर्थ उपचार लागू पडतोय!"

हणमंताला हे ऐकून इतकं नवल वाटलं की तो दिवसभर भेटेल त्याला गोंदणाची गोष्ट सांगत सुटला. अक्का मात्र गप्प होती. ती का गप्प आहे हे त्याला कळायला हवं होतं, कारण राघूची हकिगत त्याला ठाऊक होती. पण कुतूहल माणसाला कधी कधी बहिरं करतं, आणि हणमंत तर जन्माचाच कुतूहलाचा.

हकिगत अशी. अक्का आणि शेजारची हौसा, दोघी बारा वर्षांच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं काढून घेतात, लुगडंसुद्धा आपलं राहत नाही. बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं बायका म्हणायच्या. दोघींनी ठरवलं, एकमेकींच्या हातावर राघू गोंदायचा. हात हाताला लावला की चोचीला चोच भिडली पाहिजे. म्हणजे वर गेल्यावर ओळख पटेल. हौसाच्या घरच्या कंदिलाच्या काचेवरची काजळी, झेंडूच्या पाल्याचा रस, आणि शिवणाची सुई. अक्कानं हौसाचा राघू झकास काढला. हौसा अक्काचा काढत होती, शेपटापर्यंत आली आणि तिचा बाप शेतातून परतला. राघू बांडा राहिला तो राहिलाच. हौसा पंचविसाव्या वर्षी काविळीनं गेली. तिचा फोटो नव्हता.

*

तिसऱ्या फेरीनंतर जखम थांबली.

हणमंतानं कागदावर कागद ठेवले. तिसरी रेघ दुसरीवर तंतोतंत. चौथी तर किंचित बाहेर. पट्टीला पुन्हा तो ओळखीचा कुबट वास. त्यानं पट्टी बदलून बघितली, पायाखाली कापसाची गादी बदलली, साखर दिवसातून चारदा तपासली. पालथ्या घड्यावर पाणी. मुलाणी मॅडमनी पेटीचा प्रत्येक आकडा तपासला. पेशी ठणठणीत होत्या, शिकून सवरून अंगात जात होत्या. आणि मग जात होत्या कुठं?

"तुला काय वाटतं गं अक्का?"

"मला काय कळतंय? तुमी शिकलेली मानसं."

तिचा आवाज जरा जास्तच साधा होता आणि डावा हात पदराखाली, पण हणमंताचं लक्ष कागदांत.

पाचव्या फेरीनंतर अक्काच्या डाव्या काखेत गाठ आली. हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं, हे ड्रेसरला शिकवायला नको. पण हात तर स्वच्छ होता. एक ओरखडा नाही. मुलाणी मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. या वयात काखेतली गाठ म्हणजे मनात नको ते येतं. त्यांनी बारीक सुई घालून गाठीतलं थेंबभर ओढलं आणि काचपट्टीवर सोडलं.

थेंब काळाकुट्ट होता.

"काजळी," त्या म्हणाल्या. सुटकेनं त्या खुर्चीवर बसल्याच. "वाईट काही नाही. पेशींनी हातावरची काजळी उचलली आणि लसिकेच्या बारीक वाटांनी काखेतल्या गाठीत आणून ठेवली. पण शेडगे मामा, गाठीची सोनोग्राफी बघा. दोन बोटांच्या राघूत एवढी काजळी? एवढ्यात चार-पाच राघू होतील!"

हणमंत तोंड उघडं टाकून पडद्याकडं बघत राहिला. चार-पाच राघू. एक गेला तो तिसऱ्या फेरीच्या आधी. मग बाकीचे आले कुठून?

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आज बुधवार. वेळुंबचा बाजार गुरुवारी असतो.

*

गुरुवारी भर दुपारी तो रजा न टाकता घरी आला. पडवीत भामाबाई मांडी घालून बसली होती. बाजारात मारुतीच्या देवळाच्या पायरीशी बसून गेली चाळीस वर्षं गोंदणारी भामाबाई. तिच्या एका हातात तीन सुया बांधलेली काडी होती आणि दुसऱ्या हातात अक्काचं मनगट. अक्काच्या हातावर अर्धा राघू ओल्या रक्तात उमटला होता.

हणमंत चपलांसकट पडवीत चढला.

"अक्का! सही केलीस ना गं तू? म्या साक्षीदार हाय!"

"वरडू नगंस. भामे, तू काढ."

"भामाबाई, हात काढा तिथनं!"

भामाबाईनं सुई खाली ठेवली. "मला काय ठावं दादा? ह्या म्हन्ल्या, गोंदण बसत न्हाई, परत काढ. म्या आजवर शेकड्यानं बायका गोंदल्या, पर असं इपरीत बघितलं न्हाई. बेस्तरवारी काढावं, शनवारपतुर खपलीबी न्हाई, राघूबी न्हाई! मला वाटलं माझ्या काजळीतच खोट हाय. आजचं धरून चवथ्यांदा आलीया."

हणमंत भिंतीला टेकून खाली बसला. सगळं लख्ख झालं. मंगळवारी शिकवलेल्या पेशी अंगात जायच्या. पायाची जखम जुनी, तिथला रक्तपुरवठा मेलेला, तिची हाक क्षीण. आणि गुरुवारी हातावर दोन-अडीचशे ताज्या टोच्यांची बोंब उठायची. पेशी सगळं सोडून हाताकडं धावायच्या, दोन दिवसांत तो लोण्यासारखा बरा करायच्या, काजळी उचलून काखेत टाकायच्या आणि संपून जायच्या. पायाला उरायचं काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"आगं, पाय जाईल तुजा," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"जाऊंदे." अक्काचा आवाज आता साधा नव्हता. "पाय हितंच ऱ्हातोय, हणम्या, जाळला काय आन् कापला काय. राघू संगट न्यायचाय. हौसा तितं छेचाळीस वर्सं उबी हाय. मी मोकळ्या हातानं गेले तर ती मला वळखंल कशी? साखरेनं माझं तोंडसुदिक बदललंय."

मग ती हाताकडं बघून हळू म्हणाली, "आन् ह्योबी काय खरा न्हाई. हिनं दर येळेला शेपूट काढलंया झोकात. हौसाच्या कंदिलाची काजळी कुटनं आनू आता?"

*

शुक्रवारी रक्त काढायचा दिवस. शेवटची, सहावी फेरी. सांगावं तर अट मोडल्याबद्दल अक्का बाद, पेटी बंद, पाय गेला. न सांगावं तर मुलाणी मॅडमच्या कागदांवर लिहिलं जाणार की उपचार अमुक पेशंटला तिसऱ्या फेरीनंतर लागू पडला नाही. आणि ते खोटं वाचून उद्या कुठल्या कुठल्या लोकांचे पाय ठरणार. तीस वर्षांत हणमंतानं डॉक्टरांपासून एक गोष्ट कधी लपवली नव्हती, ती म्हणजे पट्टीखालचं खरं. चिडलेल्या अक्काशी कालपासून बोलणं नव्हतं. तिला न विचारताच त्यानं मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मुलाणी मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"ते प्लॅस्टिकचे कागद आणा," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांनी कागद खिडकीत धरले. सुपारीपर्यंत आत येणाऱ्या रेघा, मग एकमेकींवर बसलेल्या रेघा.

"हातावर किती टोचे म्हणालात?"

"राघूला दोन-अडीचशे, म्हणते भामाबाई."

"आणि दोन दिवसांत खपलीसुद्धा नाही." त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "मामा, आम्ही दोन वर्षं डोकं फोडतोय की पेशींना जखमेचा पत्ता सांगायचा कसा. जुनी जखम हाकच मारत नाही नीट. आणि या बाईनं सुईनं पेशींना हाक मारून दाखवली! चुकीच्या ठिकाणी मारली एवढंच. तीच हाक जर पायाला मारली तर?"

हणमंत पुढं सरकला. "जखमेच्या कडेनं टोचायचं? काजळीशिवाय?"

"काजळीशिवाय. मी चाचणीच्या समितीशी बोलते. आज्जींची चूक मी लिहिणार, लपवणार नाही. पण रक्त आजच काढून ठेवू आणि सहावी फेरी मागून घेते. मात्र हातावर आता एक टोचा पडता कामा नये. ते तुम्हाला जमवावं लागेल."

तेच तर अवघड होतं. हणमंत दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या डोक्यात कालपासून एक प्रश्न घोळत होता. तो विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"मॅडम, काखेतल्या गाठीत गेलेली काजळी पुढं कुठं जाते?"

"कुठंच नाही. तिथंच राहते. जन्मभर."

"सगळी? अगदी पहिल्या राघूचीसुद्धा?"

"पहिली गेली ती तीच. ती तर सगळ्यात आत असेल. का हो?"

हणमंत तोवर दाराबाहेर पडला होता. तो चपला घालायलाही विसरला.

*

अक्का पडवीतच बसली होती. त्याला बघून तिनं तोंड फिरवलं. तो तिच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसला.

"अक्का, डावी काख चाचप."

"कशापायी?"

"चाचप तर खरं. गाठ लागती का?"

"लागती की. आवळ्याएवढी."

"त्यात हौसाच्या कंदिलाची काजळी हाय."

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग त्यानं सांगितलं, घाई न करता, पेशंटना सांगायचा तसं. पहारेकरी उठले, पण काजळी टाकून गेले नाहीत. पोटात घेऊन हाताच्या आतल्या वाटेनं चालत गेले आणि काखेत नेऊन ठेवली. हौसानं बारा वर्षांची असताना टोचलेला कणन् कण. भामाबाईची त्याच्यावरनं, पण आत हौसाची. आणि ती तिथनं आता हलायची नाही.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा घालत हुतीस गं तू."

अक्कानं उजवा हात डाव्या काखेत घातला आणि गाठ बोटांत धरली. बराच वेळ धरून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"खरं सांगतुयास न्हवं? पायापायी थापा न्हाईस मारत?"

"काळा थेंब म्या या डोळ्यानं बघितलाय. तुला काचपट्टी आणून दावतो."

"आण," अक्का म्हणाली. "बघायचाय मला."

आणि त्यानं खरंच आणून दाखवली. ती तिनं उजेडात धरली, उलटी करून बघितली, हुंगूनही बघितली. बहिणीचं आणि भावाचं नाक एकच होतं.

*

समितीनं तीन दिवस घोळ घालून परवानगी दिली. मंगळवारी भामाबाई चापूनचोपून नऊवारी नेसून रुग्णालयात आली. तिला हातमोजे घालायला लावले तर म्हणाली, "ह्यानं बोटाला काय कळतंय का?" बंद पाकिटातल्या सुया बघून नाक मुरडलं, पण काडीला तीन बांधल्यावर तिचा हात जुन्याच सराईतपणे चालू लागला. जखमेच्या कडेनं, बिंदूला बिंदू लागून, एक गोल. सलाइनमधून पेशी उतरत होत्या. मुलाणी मॅडम टोचे मोजत होत्या. हणमंत अक्काचा पाय धरून बसला होता.

"दुखतंय का गं?"

"त्या पायाला कुटं कळतंय? पर बघवंना." मग ती भामाबाईला म्हणाली, "भामे, सवयीनं पायावर राघू काढशील हां. पाप लागंल."

शुक्रवारी पट्टी सोडली तेव्हा हणमंतानं वास घेतला आणि डोळे मिटले. ओली माती. पुढच्या मंगळवारी सुपारीचा चिंचोका झाला होता. जिल्ह्याच्या सर्जननं कागद बघितले आणि तारीख पुढं ढकलली, मग खोडून टाकली. मकरसंक्रांतीच्या आठवड्यात हणमंतानं सवयीप्रमाणे पायावर प्लॅस्टिक ठेवलं, मार्कर उघडला, आणि गिरवायला कडच सापडली नाही. त्यानं कोऱ्या कागदावर नुसती तारीख घातली.

"रिकामा कशाला ठेवतुयास? दे हिकडं," अक्का म्हणाली. तिनं मार्कर मुठीत धरून, जीभ दातांत पकडून, त्यावर एक राघू काढला. चोच मोठी होती. शेपटाशी येऊन तिनं पेन उचललं आणि कागद परत दिला.

त्याच दिवशी मुलाणी मॅडम एक फॉर्म घेऊन आल्या. वेळुंबच्या सुईची बातमी पुण्यात पोचली होती, त्यांना आता पुष्कळ काम होतं. फक्त एक राहिलं होतं. आज्जींच्या काखेतली गाठ छोट्याशा शस्त्रक्रियेनं काढून घेतली तर पेशी कुठल्या वाटेनं गेल्या ते नेमकं कळेल. दुखणार नाही, टाके हणमंतच काढेल.

अक्कानं फॉर्म हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि शांतपणे घडी घालून परत दिला.

"डाक्टरीणबाई, तुमचं लई उपकार हाईत. पायजेल तर पाय न्या. ही गाठ न्हाई मिळायची."

मुलाणी मॅडमनी हणमंताकडं बघितलं. हणमंत खिडकीबाहेर बघत होता. त्या हसल्या आणि फॉर्म पर्समध्ये ठेवला. पण त्याही कुतूहलाच्याच. निघता निघता त्यांनी विचारलंच.

"आज्जी, एक विचारू? राग नका मानू. शेवटी तर सगळंच जाळतात. मग ती गाठ तरी बरोबर कशी येणार?"

अक्कानं काखेवर हात ठेवला. उत्तर तिनं कधीचंच शोधून ठेवलेलं दिसत होतं.

"काजळी हाय ती, बाई. एकदा जळून झालीया. आता आनिक काय जळनार?"